भावोजी

फोन आला तेव्हा निरीक्षकबाई एका भुरट्या चोराला चांगलंच फैलावर घेत होत्या. हवालदारानं फोन ऐकला आणि त्यावर पंजा दाबून म्हणाला, "साहेब, संशोधन संस्थेतून आहे. जेवणाच्या वेळी एक बाई गेली. गांधीलमाशी चावली म्हणतात."

बाई असल्या तरी खात्यात त्या 'साहेब'च होत्या. "मग काय, माशीला बेड्या घालायच्या?"

"औषध टोचलं होतं, साहेब. दोनदा टोचलं, तरी गेली. आणि जिनं टोचलं तिला त्या लोकांनी खोलीत कोंडून घातलंय."

चोराचं नशीब त्या दिवशी जोरावर होतं. निरीक्षकबाईंनी टोपी उचलली.

संस्थेतली जेवणाची खोली साधीच होती. लांब टेबल, प्लास्टिकच्या खुर्च्या, कोपऱ्यात पाण्याचं यंत्र. फरशीवर पांढऱ्या कोटातली पन्नाशीची बाई पडली होती. चेहरा इतका सुजला होता की गळ्यातलं ओळखपत्र नसतं तर आईनंसुद्धा ओळखलं नसतं. मानेवर डंखाचा लाल ठिपका होता, मोहरीएवढा. एवढ्याशा ठिपक्यानं एवढी मोठी बाई आडवी पाडली होती.

खिडकीच्या चौकटीत गांधीलमाश्यांचं पोळं लटकत होतं. टेबलावर एक लाल डबी उघडी, शेजारी दोन वापरलेल्या सुया आणि रबरी बुचाची छोटी बाटली. आणि एक जेवणाचा डबा. तो तसाच बंद.

मेलेली बाई इथल्या प्रयोगशाळेची प्रमुख. सगळे तिला 'ताई' म्हणत. प्रेमानं नव्हे, तिनंच तशी सक्ती केली होती. माशीचा डंख आपल्या जिवावर बेतू शकतो हे तिला तरुणपणापासून ठाऊक होतं, म्हणून ती लाल डबी कायम हाताशी असायची. आत अ‍ॅड्रिनलिन. डंख झाला की मांडीत टोचायचं, की माणूस वाचतो. ताई याआधी दोनदा वाचली होती.

भिंतीला टेकून तिचा नवरा बसला होता. ती 'ताई', म्हणून हा सगळ्यांचा 'भावोजी'. पूर्वी सोनार होता. बायको मोठी शास्त्रज्ञ झाली तशी तिला नवऱ्याच्या दुकानाची पाटी खुपायला लागली, आणि दुकान बंद झालं. तेव्हापासून रोज दुपारी बायकोला डबा आणून द्यायचा, ती जेवेपर्यंत कोपऱ्यात बसायचं आणि रिकामा डबा घेऊन परत जायचं, एवढाच त्याचा उद्योग.

"तुमच्यासमोर घडलं?" निरीक्षकबाईंनी विचारलं.

"हो. ती खिडकीशी बसली. माशी मानेवर बसली. तिनं झटकली." त्यानं डोळे पुसले. "संपलंच."

"औषध?"

"धाकटीनं आणलं. लगेच आणलं हो, खोटं कशाला बोलू? पण पोर घाबरली. हात लटपटत होते तिचे. नीट आत गेलं की नाही, कोण जाणे. मला ह्यांच्या कामातलं ओ की ठो कळत नाही. पण तिच्यावर राग नका धरू. लेकरू आहे."

हवालदाराला भडभडून आलं. "देवमाणूस आहे, साहेब," तो बाहेर आल्यावर पुटपुटला.

धाकटीला काचसामानाच्या खोलीत कोंडलं होतं. प्रयोगशाळेत सगळ्यांत लहान, म्हणून धाकटी. वय चोविसाच्या आसपास, डोळे रडून बारीक झालेले.

"टोचायला किती उशीर केलास?"

"उशीर नाही केला. डबी माझ्याच खिशात असते. ताईंचा नियम होता, डबी सगळ्यांत लहान माणसानं सांभाळायची. फक्त घरी जाताना त्या घेऊन जायच्या."

"कुठे टोचलंस?"

"मांडीत, बाहेरच्या अंगाला. सुई पूर्ण आत गेली होती."

"हात थरथरत होते?"

"नाही."

"भावोजी म्हणतात, लटपटत होते."

पोरीनं मान वर केली. "भावोजी म्हणाले?" मग हळू आवाजात, "मग थरथरले असतील. ते कधी खोटं नाही बोलत. त्यांच्या डब्यातलं रोज मला काढून द्यायचे हो."

"पुढे काय झालं?"

"काहीच झालं नाही. थोडं थांबून परत टोचलं. ताई बसलेल्या होत्या. त्यांनी दोन्ही हात असे समोर धरले, बोटं फाकवून, आणि बघत राहिल्या. मग म्हणाल्या, 'भावोजी.' परत म्हणाल्या, 'भावोजी!' ते तिथंच होते, त्यांनी डोकं मांडीवर घेतलं. मग घसा मिटला."

निरीक्षकबाईंनी तिला घरी पाठवलं, पण गाव सोडू नको अशी तंबी देऊन.

रसायन तपासनिसाचा निकाल आला तेव्हा संस्थेच्या संचालकांना पोरीचा बळी द्यायची कोण घाई! रोज फोन. "मुलीनं हलगर्जीपणा केला. तुम्ही तिला आत का टाकत नाही? संस्थेचं नाव जातंय."

तपासनिसानं त्यांच्याच पारड्यात वजन टाकलं. "बाटलीत अ‍ॅड्रिनलिनच आहे. अस्सल. लेबलावर लिहिलंय तेवढंच. औषधात काडीची खोट नाही."

"म्हणजे चूक टोचणारीची?"

"ते तुम्ही बघा. हां, एक आहे. रबरी बुचाला चार भोकं आहेत."

"नवी बाटली होती ना?"

"म्हणून तर सांगितलं."

धाकटीनं दोनदा औषध काढलं होतं. दोन भोकं तिची. उरलेली दोन कुणाची? संचालकांना भोकांशी काही देणंघेणं नव्हतं. वरून आदेश आला: उद्या संध्याकाळपर्यंत मुलीला अटक करा, निष्काळजीपणानं मृत्यू. अटक झाली की पोरीचं शिक्षण, नोकरी, सगळ्यावर पाणी. आणि आपण माणूस मारला हे आयुष्यभर छातीवर. निरीक्षकबाई चडफडल्या. एक पूर्ण दिवसही हातात नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी थोरल्याला गाठलं. थोरला म्हणजे ताईंच्या हाताखालचा सगळ्यांत जुना संशोधक. ताई गेल्यावर त्यांच्या खुर्चीत बसायला त्यानं दोन दिवससुद्धा थांबू नये! ताईंचा कप बाजूला सारून त्यानं आपला कप ठेवलासुद्धा होता.

"ताई तुमच्याशी कशा वागायच्या?"

"कुत्र्यासारखं वागवायच्या. मला, तिला, सगळ्यांना. भावोजींना तर सगळ्यांत जास्त. 'अहो, डबा ठेवा आणि व्हा बाजूला, इथे शिकलेल्या माणसांचं काम चाललंय.' रोज, आमच्यासमोर."

"आणि ते?"

"हसायचे. गरीब गाय."

"ताई गेल्याचा फायदा तुम्हालाच."

"झाला ना. नाकारतोय कुठे?" तो निगरगट्टपणे म्हणाला. "पण डबी माझ्या हातात कधीच नसायची. पोरीनं माती खाल्ली, साहेब. उगाच खोलात शिरू नका."

नका म्हटलं की निरीक्षकबाई हमखास शिरायच्या. त्यांनी धाकटीला बोलावून घेतलं. "इथे नक्की काय काम चालतं, ते मला सांग. हवालदाराला कळेल असं."

"मीच का?" हवालदार कुरकुरला.

धाकटीनं टेबलावरचं प्लास्टिकचं मोठं मॉडेल पुढे ओढलं. शिवण घालावी तसा एक जाड धागा एका पट्टीतून सात वेळा वर-खाली गेला होता. "ही पट्टी म्हणजे पेशीची भिंत. हा धागा म्हणजे प्रोटीन, निरोप घेणारं. वरचं टोक पेशीच्या बाहेर, खालचं आत. अ‍ॅड्रिनलिन पेशीच्या आत जातच नाही. बाहेरूनच येते आणि इथे, ह्या खोबणीत बसते."

"मग आत कसं कळतं?"

"ती बसली की सगळा धागा किंचित हलतो. आतल्या बाजूचा आकार बदलतो. आत दुसरं एक प्रोटीन चिकटून बसलेलं असतं, ते सुटतं आणि तिसऱ्याला उठवतं. ते शेकड्यांना उठवतं. बघता बघता हृदय जोरात पळतं, श्वासनळ्या उघडतात, हात थरथरायला लागतात."

"आणि खोबणीत नीट बसली नाही तर?"

"तर काहीच नाही. म्हणून आम्ही दोन प्रकारची अ‍ॅड्रिनलिन वापरतो. एक डावी, एक उजवी. दोघींचं वजन तेच, भाग तेच, फक्त आरशातल्यासारख्या उलट्या. खोबणीला अ‍ॅड्रिनलिन तीन जागी धरावी लागते. उलटी असली की दोन जागी लागते, तिसरी हुकते. धागा जवळजवळ हलतच नाही."

"म्हणजे डावी बिनकामाची."

"नाही, उलट! आपल्यातून जाणारा प्रकाश डावीकडे वळवते ती डावी. शरीरातली, औषधातली, सगळी डावीच. आमच्याकडे डावी खरी आणि उजवी खोटी."

"ऐकलंत, साहेब?" हवालदार खूश झाला. तो डावखुरा होता. "शाळेत ह्या हातावर किती छड्या खाल्ल्यात मी! मास्तर असते तर त्यांना इथेच आणलं असतं."

निरीक्षकबाई हसल्या नाहीत. "उजवी लागते कशाला मग?"

"ताळा करायला. प्रोटीन खरंच अ‍ॅड्रिनलिन ओळखतंय, की काहीही टाकलं तरी हलतंय, ते उजवी टाकून कळतं. पण ते प्रयोग केव्हाच संपले."

"फ्रीझर दाखव."

फ्रीझरला कुलूप होतं. किल्ल्या दोघींकडेच, ताईंकडे आणि धाकटीकडे. दार उघडताच थंड वाफ अंगावर आली. आत छोट्या बाटल्यांच्या रांगा, सगळ्यांवर बर्फाची जाड साय. चिठ्ठ्या सुबक अक्षरात, प्रत्येकीवर एकेक आद्याक्षर. एकीवर 'डा.' होतं. तिच्या शेजारच्या बाटलीवर साय नव्हती. कुणीतरी ती हातात घेऊन पुसली होती. तिच्यावर 'भा.' लिहिलं होतं, आणि तळाला चिमूटभर पांढरी पूड.

"भा. म्हणजे काय?"

धाकटीचा चेहरा लाल झाला. "जुनं आहे काहीतरी. वापरात नाही."

निरीक्षकबाईंनी ती बाटली आणि आधी तपासलेली बुचाची बाटली, दोन्ही तपासनिसाकडे पाठवल्या. काय शोधायचं, ते हवालदाराकडून पाठ करून घेतलं.

जाता जाता त्या जेवणाच्या खोलीत थांबल्या. "हे पोळं इतके दिवस इथं कसं? जिला माशीचं भय, तिच्याच खिडकीत?"

"काढायला माणसं आली होती मागे," धाकटी म्हणाली. "पण भावोजींनी परत पाठवलं. म्हणाले, ताईंना खडखडाट सहन होत नाही, त्या सुट्टीवर गेल्या की या."

दुपार टळत आली. गाडीत बसताना निरीक्षकबाईंच्या फोनवर थोरल्या बहिणीच्या घरचा नंबर आला. उचलला तर पलीकडे मेव्हणे. त्यांना गप्पांचा भारी सोस, आणि आज वेळ कुणाला होता?

"भावोजी, मी कामात आहे हो. अक्काला द्या ना फोन," त्या घाईनं म्हणाल्या.

आणि तशाच थांबल्या. पलीकडून अक्का "बोल गं, बोल गं" करत राहिली. निरीक्षकबाईंनी फोन न बोलताच बंद केला, तेव्हा हवालदार घाबरला.

"हवालदार, तुमची बायको तुम्हाला काय म्हणते?"

"चारचौघांत सांगू?"

"हाक कशी मारते?"

"अहो म्हणते. रागात असली की अहो ऐकलं का."

"भावोजी म्हणेल?"

"भावोजी?" हवालदाराला हसू फुटलं. "ते तर माझी मेव्हणी म्हणते. बायको मला भावोजी म्हणाली, तर आधी वैद्याकडे न्यायला लागेल तिला."

"गाडी फिरवा," निरीक्षकबाई म्हणाल्या.

तपासनिसाचा निरोप वाटेतच आला. मग त्या आधी ताईंच्या घरी गेल्या, तिथून एक वस्तू जप्त केली, आणि सगळ्यांना जेवणाच्या खोलीत बोलावलं. थोरला घड्याळ बघत आला. भावोजी सवयीनं कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले. धाकटी दाराशी उभी राहिली, अटक होणार हे गृहीत धरून. तिनं येताना एका पिशवीत कपडेसुद्धा भरून आणले होते. ती पिशवी निरीक्षकबाईंनी पाहिली.

"मुलीनं चूक केली नाही," त्यांनी सुरुवातच तिथून केली. "औषध वेळेवर दिलं, योग्य जागी दिलं. औषधच चुकीचं होतं. बाटलीत अ‍ॅड्रिनलिनच होती, पण उलट्या हाताची."



"शक्य नाही!" थोरला उसळला. "औषधाच्या कारखान्यात असा घोळ होत नाही."

"कारखान्यात नाही झाला. बुचातून सुई घालून खरं औषध काढलं, दुसऱ्यांदा सुई घालून खोटं भरलं. चार भोकांतली दोन ती."

भावोजींनी कपाळाला हात लावला. "देवा रे. म्हणजे उजवी कुणी मुद्दाम भरली? कोण इतका पाषाणहृदयी असेल हो?"

"सांगते," निरीक्षकबाई म्हणाल्या. फ्रीझरजवळचे जाड हातमोजे त्यांनी सोबत आणले होते. "हवालदार, हा डाव्या हाताचा मोजा उजव्या हातात घाला."

हवालदारानं खटपट केली. अंगठा भलतीकडे आला, बोटं अर्ध्यात अडली.

"मोजा खराब आहे का? नाही. कापड तेच, पाच बोटं तीच, तोलाल तर वजनही तेच. तपासनिसानं पहिल्यांदा हेच तोललं आणि अस्सल म्हणून सांगितलं. पण हात आत जाईना. ताईंच्या शरीरातल्या करोडो खोबणींपाशी हेच झालं. दारात औषध उभं होतं, पण आत निरोप गेलाच नाही. आज औषधातून प्रकाश सोडून बघितलं, तर तो उजवीकडे वळला. फ्रीझरमधल्या 'भा.' बाटलीतली पूडही तीच. आता मला सांगा, फ्रीझरमध्ये 'डा.' आहे, मग 'उ.' कुठे आहे?"

थोरला आणि धाकटी, दोघांनी नजरा खाली घातल्या.

"उजवीला इथे 'उजवी' म्हणतच नाहीत. काय म्हणतात? मुली, तू सांग."

धाकटीनं थोरल्याकडे पाहिलं. शेवटी थोरल्यानंच सांगितलं. "भावोजी. ताईंनी ठेवलं होतं नाव. एकदा इथंच, चहाच्या वेळी. दोन मॉडेलं हातात धरून म्हणाल्या, ही डावी दारात आली की सगळं घर जागं होतं. आणि हा दुसरा, दिसायला हुबेहूब, वजनालाही तेवढाच, नुसता दारात येऊन उभा राहतो आणि आत काही म्हणजे काही होत नाही. ह्याचं नाव भावोजी."

"ते कुठे होते तेव्हा?"

"दारात. डबा घेऊन."

भावोजींनी खुर्चीत जरा सावरून बसल्यासारखं केलं. चेहऱ्यावर तेच ओशाळं हसू.

"अ‍ॅड्रिनलिन भिनली की हात थरथरतात," निरीक्षकबाई म्हणाल्या. "ताई याआधी दोनदा वाचली होती, तिला हे अंगानं माहीत होतं. दुसरी सुई टोचल्यावर तिनं हात समोर धरून पाहिले. हात स्थिर. मरतानासुद्धा ती बाई प्रयोगच बघत होती. आणि तिनं निष्कर्ष सांगितला: भावोजी. तुम्हा सगळ्यांना वाटलं, नवऱ्याला हाक मारतेय. अरे, कोणती बायको नवऱ्याला भावोजी म्हणते? आयुष्यभर ती यांना 'अहो' म्हणाली. ती माणसाचं नाव घेत नव्हती, बाटलीचं घेत होती."



"फ्रीझरची किल्ली दोघींकडे. डबी रात्री ताईच्या घरी. किल्लीही ताईच्या घरी. मुलीशिवाय दोन्हींना हात लावू शकणारा माणूस एकच."

"मला ह्यातलं काय कळतं, साहेब?" भावोजी म्हणाले. "मी सोनार माणूस."

"कळत नाही? मघाशी मी फक्त 'उलट्या हाताची' म्हटलं. ज्याला काही कळत नाही त्यानं काय विचारलं असतं? जगात उलटा हात म्हणजे डावा. ह्या हवालदाराला विचारा, त्यानं छड्या खाल्ल्यात. तुम्ही मात्र फटकन म्हणालात, 'उजवी कुणी भरली?' उजवी खोटी असते, हे फक्त ह्या भिंतींच्या आत माहीत आहे. तुम्ही त्या कोपऱ्यात वर्षानुवर्षं बसून ऐकलंत, आणि तुमच्यासमोर बोलताना कुणाला कधी वाटलंच नाही की तिथे माणूस बसलाय."

हवालदारानं जप्त केलेली वस्तू टेबलावर ठेवली. सोनं तोलायचा लहान काटा, पितळी पारड्यांचा.

"पूड नेमकी तोलायला लागली असेल, लेबलावरच्या औषधाइतकी. तुमचा हात त्यात बसलेला. पारड्याच्या कडेला पांढरं काहीतरी अडकलंय. तपासनीस सांगेलच ते काय आहे. पोळं काढणाऱ्यांना परत कुणी पाठवलं, तेही आम्हाला कळलंय. माशी कधी चावेल, हे ठरवायची तुम्हाला गरज नव्हती. तुम्ही रोज डबा घेऊन यायचात आणि वाट बघायचात."

भावोजींनी काट्याकडे पाहिलं. मग त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, आणि ते ओशाळं हसू तोंडावरून गेलं. त्याखालचा चेहरा कुणी पाहिलेलाच नव्हता.

"पारडं एका बाजूला किंचित झुकतं," ते शांतपणे म्हणाले. "दुकान बंद झाल्यापासून तेल दिलं नव्हतं. तरी वजन बरोबर आलं."

"कबूल?"

"ती हाक तुम्हाला आता कळली, साहेब. मला तेव्हाच कळली. पहिल्यांदा म्हणाली तेव्हा मी तिचं डोकं मांडीवर घेतलं. दुसऱ्यांदा म्हणाली तेव्हा वाकून तिच्या कानात ओ दिली. तिचे डोळे तेव्हा उघडे होते. तिला ऐकू गेलं, ह्याची मला खात्री आहे."

हवालदारानं तोंड फिरवलं. त्या पहिल्या दिवशी त्यानंच ह्याला देवमाणूस म्हटलं होतं, आणि त्याला आता स्वतःचीच चीड येत होती.

धाकटी दारापासून पुढे आली. पिशवी अजून तिच्या हातातच होती. "भावोजी, ताईंचं समजलं. पण मला का? सुई माझ्या हातात असणार, हे तुम्हाला माहीत होतं. माझे हात थरथरत नव्हते, हे तुम्ही बघितलं होतं. मी तुमचं काय वाकडं केलं?"

"तुला तो चहाचा दिवस आठवत नाही?" ते अगदी मायेनं म्हणाले, रोज डब्यातलं काढून देताना बोलायचे तसंच. "तिनं नाव ठेवलं तेव्हा सगळे हसले. मीही हसलो. मग सगळे थांबले. तुला मात्र हसू आवरेना. ठसका लागला तुला. मीच पाठ थोपटली तुझी."

धाकटीनं पिशवी खाली ठेवली.

"मग ती म्हणाली, लिहून टाका गं बाटलीवर. तूच उठलीस. आणि छान लिहिलंस. अक्षर सुंदर आहे तुझं."

हवालदारानं त्यांच्या दंडाला धरलं. भावोजी मुकाट्यानं उठले, आणि दारातून बाहेर पडताना सवयीनं डबा उचलायला वळले. हवालदारानं त्यांना पुढे ढकललं. थोरला कधी सटकला, ते कुणालाच कळलं नाही.

खोलीत दोघीच उरल्या.

"तू सुटलीस," निरीक्षकबाई म्हणाल्या. "जा घरी. त्याचं बोलणं मनावर घेऊ नकोस. असली माणसं जाता जाता चावा घेतातच."

धाकटी खुर्चीत बसली. तिनं स्वतःच्या हातांकडे बघितलं.

"नाही हो, मी खरंच हसले होते," ती म्हणाली. "विनोद खरंच चांगला होता."

आणि बोलता बोलता तिच्या तोंडून पुन्हा हसू फुटलं. तिनं कोटाची बाही तोंडात कोंबली, डोळे गच्च मिटले, पण ते हसू काही केल्या थांबेना. निरीक्षकबाईंनी तिचा हात धरून तिला उठवलं आणि तिची कपड्यांची पिशवी स्वतःच्या खांद्याला लावली.